न काढलेली छायाचित्रे

आमच्या डिंडोलीच्या घरात आजोबांचे एकच छायाचित्र आहे. सुरतेतील एका स्टुडिओत काढलेले. अंगातला कोट स्टुडिओवाल्याचा, मागच्या रंगवलेल्या पडद्यावर कमानी आणि कारंजे. तेव्हा आजोबांनी साठी ओलांडली होती. त्यांच्या बालपणाचे चित्र नाही. ते बालपण कोठे गेले हे मात्र आम्हांला ठाऊक आहे : खानदेशातील एका कापडगिरणीच्या रिंग खात्यात, तुटलेले धागे सांधण्यात आणि भरलेल्या बॉबिनी उतरवण्यात. आपल्या मंडळाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरची हकीकत याहून फारशी निराळी नसेल. तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या गाडीने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडची माणसे उधन्याला उतरली. कोणी आधी तिकडच्या गिरणीत हात काळे केले होते, कोणी इथे येऊन लूमच्या खात्यात उभे राहिले. आपल्या घरांतील पेट्या उघडल्या तर लग्नांची छायाचित्रे निघतात, मुंजींची निघतात, शिर्डीच्या वारीची निघतात. कामाचे एकही निघत नाही.

या लेखाला निमित्त झाले ते मात्र एका परक्या मुलीचे छायाचित्र. डिसेंबर १९०८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, व्हिटनेल येथील सूतगिरणीत ते काढले गेले. चात्यांच्या लांब रांगेजवळ एक मुलगी उभी आहे आणि सरळ आपल्याकडे पाहते आहे. ती हसत नाही, रडतही नाही. छायाचित्राबरोबर एक टिपण जपलेले आहे. मुलीची उंची ५१ इंच. गिरणीत येऊन एक वर्ष झाले. कधी कधी रात्रपाळी. साच्यांच्या चार बाजू सांभाळते, रोज ४८ सेंट मिळतात. वय विचारले तेव्हा ती घुटमळली, आठवत नाही म्हणाली. आणि मग विश्वासात घेऊन तिने सांगितले की कामाला लागण्याइतके आपले वय झालेले नाही, तरी आपण काम करतोच. गिरणीतील ५० कामगारांत तिच्या एवढी १० मुले होती, अशीही नोंद आहे.

हे छायाचित्र काढणारा लुईस हाइन हा मुळात शाळामास्तर. जन्म १८७४ चा. न्यूयॉर्कच्या एका शाळेत शिकवता शिकवता तो कॅमेरा हाताळू लागला आणि १९०८ साली नोकरी सोडून 'राष्ट्रीय बालमजुरी समिती' या संस्थेसाठी काम करू लागला. ही संस्था १९०४ साली स्थापन झाली होती. बालमजुरी बंद व्हावी यासाठी कायदा हवा आणि कायद्यासाठी पुरावा हवा, हे तिच्या चालकांना उमगले होते. गिरणीमालक अर्थातच छायाचित्रकाराला दारात उभे करीत नसत. मग हाइन कधी आगीच्या बंदोबस्ताची तपासणी करणारा अधिकारी होई, कधी बायबल विकणारा, कधी पोस्टकार्डवाला, तर कधी आपण यंत्रांची चित्रे काढतो असे सांगून आत शिरे. यंत्राचे माप कळावे म्हणून शेजारी एखादे मूल उभे करायचे, आणि चित्र घ्यायचे ते मुलाचेच. आपल्या कोटाचे प्रत्येक बटण जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्याने मोजून ठेवले होते; मूल शेजारून गेले की बटणावरून त्याची उंची समजे. खिशातला हात खिशातच ठेवून तो चिठ्ठीवर आकडे लिहीत असे, असे सांगतात. मास्तरकीचा हजेरीपट त्याच्या हातून सुटला नव्हता म्हणायचा!

आम्हांस या माणसाची थोरवी चित्रापेक्षा टिपणात अधिक दिसते. चित्रे पुष्कळांनी चांगली काढली. जॉर्जियातील मेकन येथील बिब गिरणीत, जानेवारी १९०९ मध्ये, तुटलेला धागा जोडण्यासाठी साच्यावर चढलेल्या दोन पोरांचे त्याचे चित्र जगभर गाजले. त्यांतील एकाच्या पायांत काहीही नाही. परंतु ते चित्र नुसते भिंतीवर टांगले असते तर पाहणाऱ्याने 'अरेरे' म्हणून पुढची वाट धरली असती. गिरणीचे नाव, गाव, तारीख, मुलाचे वय, रोजची मजुरी हे सारे जोडीला असल्यामुळे मालकाला 'असे मूल आमच्याकडे नव्हतेच' असे म्हणण्याची सोय उरली नाही. असे मूल होते, अमुक दिवशी अमुक साच्याजवळ उभे होते, आणि त्याची उंची इतकी होती.

आता आपल्याकडे वळू. कॅमेरा आपल्याकडे उशिरा आला, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभी केली. ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. आणि त्याच १८५४ साली मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तीतील नावाजलेले छायाचित्रकार होते. हरिश्चंद्र चिंतामण यांचा छायाचित्रणाचा व्यवसायही त्याच काळातला. म्हणजे भोंगा आणि कॅमेरा ही या शहरातील जुळी भावंडे. मात्र एकाने दुसऱ्याकडे वळून पाहिले नाही.

कॅमेरा कोठे पाहत होता? लेण्यांकडे, देवळांकडे, संस्थानिकांच्या दरबाराकडे, गव्हर्नरांच्या मेजवान्यांकडे. माणसांकडेही पाहत होता, नाही असे नाही. पण जातींचे नमुने म्हणून. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराचा मुंबईतील जाती-जमातींवरील दोन भागांचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ साली निघाला. त्यातील गंमत अशी की माणसे एका जागी उभी करून टिपलेली आणि पार्श्वभूमी दुसरीकडची चिकटवलेली! सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध केले, त्यांतही हाच प्रकार. चित्राखाली जात असे, धर्म असे, स्वभावाविषयी साहेबाचा एखादा ताशेरा असे. वय, मजुरी आणि आईबापांनी ठेवलेले नाव यांची चौकशी ही त्या कामाची गरजच नव्हती. पुढे १८९६-९७ च्या प्लेगात कॅमेरा प्रथमच मुंबईच्या गरीब वस्तीत शिरला. झडतीची पथके, इस्पितळांतील खाटा, चुना फासलेली घरे यांची चित्रे त्या वेळच्या संग्रहांतून पाहायला मिळतात. परंतु तेथेही पाहणाऱ्याला धास्ती होती ती रोगाची. घराच्या दारात उभे असलेले पोर सकाळी कोठे कामाला जाते, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

तरीही गिरणीतील मुले सर्वस्वी अदृश्य राहिली नाहीत. ती कागदावर आली, आणि आली ती कशी, हे पाहण्यासारखे आहे. १८७५ साली लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी इंग्लंडच्या उमरावसभेत मुंबईच्या गिरण्यांचा प्रश्न काढला आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. लहान मुले सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबतात हे साक्षींतून पुढे आले. तरी कायद्याची गरज नाही असे बहुसंख्य सदस्यांचे मत पडले. १८७८ मध्ये सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी स्वतः कायद्याचा मसुदा तयार केला. अखेर १८८१ चा कारखाना कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांच्या मुलाला नऊ तास! आणि हीदेखील सुधारणा होती.

या कायद्याच्या वादात आपली वृत्तपत्रे कोणत्या बाजूला उभी राहिली, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. पण लिहिले पाहिजे. 'मराठा' आणि 'केसरी' यांनी कारखाना कायद्यास विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की मँचेस्टरच्या मालकांना आपल्या गिरण्यांची स्पर्धा सलते आणि म्हणून त्यांना एकाएकी हिंदी पोरांची कणव येते. हा संशय निराधार नव्हता. लँकेशायरचा हात त्या मागणीमागे खरोखरच होता. परंतु मागणी करणाऱ्याचा हेतू खोटा म्हणून पोराचे नऊ तास खोटे ठरत नाहीत. इंग्रज मालक आणि देशी मालक यांच्या ओढाताणीत ते मूल एक मुद्दा होऊन राहिले. ज्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाही, त्याचा मुद्दा करणे फार सोपे असते.

या अंधारात एक माणूस त्या मुलांच्या आईबापांच्या अगदी जवळ होता. नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक विचारांचा, गिरणीत नोकरी केलेला, आणि १८८० पासून मुंबईत 'दीनबंधु' चालवणारा. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन त्या वेळच्या कारखाना आयोगापुढे ठेवले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती, अपघातात जखमी झालेल्यास भरपाई. पाच मागण्या. मुलांसाठी त्यांत वेगळे कलम नाही. लोखंड्यांना मुले दिसत नव्हती असे नव्हे. ज्या घरात पोराच्या पैशांवाचून चूल अडते, त्या घराचा बाप 'माझ्या पोराला काढा' अशी सही कशी करणार? १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. १८९१ च्या सुधारित कायद्याने किमान वय नऊ झाले आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तासांची मर्यादा आली. लोखंडे १८९७ साली प्लेगाच्या साथीत गेले. भारतीय टपाल खात्याने २००५ साली त्यांचे तिकीट काढले.

आपल्या खानदेशचे काय? १८८१ चा कायदा वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागू नव्हता, शंभरापेक्षा कमी माणसांच्या कारखान्यांनाही नव्हता. खानदेशातील सरकी काढण्याचे आणि कापूस दाबण्याचे कारखाने हे हंगामी. १८८४-८५ च्या आयोगापुढे त्यांच्याविषयी जी साक्ष झाली ती वाचून अंगावर काटा येतो. मार्च-एप्रिलच्या ऐन हंगामात तीच माणसे रात्रंदिवस, जेमतेम विश्रांती घेऊन, सलग आठ आठ दिवस कामावर असत. आणि जिनवर बसणाऱ्यांत बहुतेक बाया होत्या. त्या बायांची पोरे कोठे असत, हे साक्षीत सांगण्याची गरज कोणास भासली नाही. ज्यांच्या आज्या-पणज्या जळगाव, धरणगावकडच्या जिनवर गेल्या आहेत, त्यांनी आपल्या घरात विचारून पाहावे. कापसाच्या ढिगाचाच पाळणा, असे उत्तर आम्हांला आमच्या आत्याकडून मिळाले होते.

आयोग गेले, कायदे आले, पण पोराचे वय ठरवायचे कसे? जन्माची नोंद गरिबाच्या घरी कोण ठेवतो? 'मोठ्या दुष्काळाच्या दुसऱ्या सालचा' एवढीच ती नोंद. इंग्लंडलाही ही अडचण पडली होती. तेथे १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांसाठी नऊ वर्षांची अट घातली आणि १८३७ साली एडविन सॉंडर्स या दंतवैद्याने दात हीच वयाची खरी कसोटी असे पुस्तक लिहून पार्लमेंटपुढे ठेवले. दातांची ही कसोटी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. घोड्याचा बाजार आणि गिरणीचे दार, दोन्हीकडे तोंड उघडून दाखवायचे.

आजोबांची गोष्ट येथलीच. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील मुलांचे काम सहा तासांवर आणले होते आणि दाखल्याची सक्ती आली होती. आजोबा तेव्हा सात वर्षांचे. त्यांच्या वडिलांनी त्यांना दोन दिवस घोकवले : नऊ म्हणायचे, टाचा किंचित उचलायच्या, पण डॉक्टर पायाकडे पाहील तेव्हा खाली टेकवायच्या. डॉक्टरने तोंड उघडायला लावले, दंडाला चिमटा घेतला आणि कागद पुढे सरकवला. त्या दिवसापासून आजोबांना दोन वये झाली. पुढे सुरतेत मतदारयादीवाला दारात आला की ते विचारीत, 'कोनतं सांगू, गिरनीनं का घरनं?' तो बिचारा गोंधळून आमच्या वडिलांकडे पाही. आम्ही लहानपणी या विनोदावर पोट धरून हसत असू. व्हिटनेलच्या त्या मुलीचे टिपण वाचले तेव्हा आम्हांस हा प्रश्न प्रथमच विनोद वाटला नाही. वय आठवत नाही म्हणणारी ती आणि दोन वये आठवणारे आजोबा यांना एकाच माणसाने एकाच दुपारी प्रश्न विचारला असावा, असे वाटून गेले. फरक इतकाच की तिला विचारणाऱ्याच्या दुसऱ्या हातात कॅमेरा होता आणि आजोबांना विचारणाऱ्याच्या हातात शिक्का.

येथे छायाचित्राचे फाजील स्तोत्र गाण्याचा मोह आवरला पाहिजे. हाइनने पाच हजारांवर छायाचित्रे जमवली, ती फलकांवर, पत्रकांत, सभांत झळकली. तरी कायदा काही लगेच झाला नाही. १९१६ साली अमेरिकेत बालमजुरीविरुद्ध केंद्राचा कायदा झाला, तो १९१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. टिकाऊ कायदा व्हायला १९३८ उजाडले. दोनच वर्षांनी, १९४० साली, हाइन हलाखीत वारला. व्हिटनेलची मुलगी तोवर चाळिशीच्या घरात पोहोचली असणार.

टिपणही चुकते. १९१० च्या ऑगस्टमध्ये व्हरमाँट राज्यातील नॉर्थ पाउनाल येथे हाइनने एका किडकिडीत मुलीचे चित्र घेतले. साच्याला टेकलेली, अनवाणी, मळका झगा. हे चित्र १९९८ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटावर गेले. पण नाव नोंदले गेले होते अॅडी लेअर्ड, आणि या नावाची मुलगी कोणालाच सापडेना. पुढे एलिझाबेथ विन्थ्रॉप या लेखिकेने आणि जो मॅनिंग या संशोधकाने जनगणनेची जुनी पाने चाळून तिचा माग काढला. ती अॅडी कार्ड. चित्र घेतले तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि नव्वदी पार करून १९९३ साली वारली. आपले चित्र इतके प्रसिद्ध आहे याचा पत्ता तिला अखेरपर्यंत लागला नाही. आडनाव चुकले, परंतु गाव आणि महिना बरोबर होता. तेवढ्या धाग्यावरून नव्वद वर्षांनी माणूस सापडला. आमच्याकडच्या कागदांत 'मुले' असा एक रकाना असतो आणि त्यापुढे आकडा. आकड्याचा माग काढीत कोणाच्या दारापर्यंत जायचे?

आपल्याकडे कॅमेरा गिरणीकामगाराकडे वळला, पण तो फार उशिरा. समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन आणि छायाचित्रकार पार्थिव शाह यांचे अहमदाबादच्या गिरणीकामगारांवरील पुस्तक २००४ चे. त्याचा विषयच गिरण्या बंद पडल्यावरचे जिणे हा आहे. त्याच वर्षी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून घेऊन इंग्रजीत ग्रंथरूप दिले. ही मोलाची कामे आहेत आणि आपल्या मंडळाच्या कपाटात असायला हवीत. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचे दिवस भरले; खानदेशच्याही एकेक करून थंडावल्या. चिमणी पडल्यावर तिचे चित्र काढायला सगळे येतात.

मग सुरत? येथे एका छपराखाली हजार माणसे राबणारी गिरणी नव्हे, तर गल्लीबोळांत विखुरलेली लूमची खाती. कायद्याच्या हिशेबात न बसावीत इतकी माणसे एकेका खात्याच्या पटावर. आणि त्याहून विखुरलेले काम घरातले. डिंडोली, लिंबायतच्या घराघरांत साड्यांचे गठ्ठे येतात : धागे कापायचे, टिकल्या चिकटवायच्या, लेस लावायची. घरातली बाई काम घेते आणि शाळेतून आलेले पोर दप्तर टाकून शेजारी बसते. १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास तिने सर्वत्र बंदी केली, पण शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धंद्याला हातभार लावण्याची मोकळीक ठेवली. ही मोकळीक चूक की बरोबर, यावर आमच्या घरातच दोन मते आहेत. सून म्हणते, पोरीने तासभर टिकल्या लावल्या तर तिच्या वहीचे पैसे निघतात आणि बोटांना वळण लागते. मुलाला ते पटत नाही, पण महिन्याच्या शेवटी तो गप्प असतो. आम्ही स्वतः काय म्हणावे? ज्या घराची चूल एकेकाळी सात वर्षांच्या पोराने पेटती ठेवली, त्या घरातले आम्ही चौथीत शाळा न सोडता मॅट्रिकपर्यंत पोहोचलो ते त्याच पैशांच्या पुण्याईवर.

गेल्या दिवाळीत नातवाने आपल्या मोबाईलवर घरच्या सगळ्यांचा फोटो काढला. काढण्याआधी सुनेने कोपऱ्यातला साड्यांचा गठ्ठा पलंगाखाली सारला आणि वरून चादर ओढली. नातीच्या बोटाला टिकलीचा गोंद लागलेला होता, तो तिने पदराने पुसून काढला. आम्ही तिला थांबवले नाही. आम्हीही पाहुण्यांसाठी ठेवणीतला सदरा घालून बसलो होतो.